राधाचं चोरलेलं वर्ष

"पोरीचा वय चोरू नको गे. उद्या डाक्टराक काय सांगशीत?" भाकरी थापता थापता शेवंतीकाकी म्हणाली होती. वनमालाने ते हसण्यावारी नेलं. काकी नवऱ्याची, गावाकडची. तिला नोकरीच्या वयोमर्यादा काय ठाऊक? वनमाला बी.ए. झालेली, आणि बँकेची परीक्षा वय उलटलं म्हणून हुकलेली. राधाच्या वाट्याला ते नको, म्हणून मुलुंडच्या शाळेत नाव घालताना तिने पोरीचं वय वर्षाने कमी सांगितलं. जन्म गावचा, दाखला कुणी मागितला नाही. शेजारी एथेल आणि तिचा नवरा हर्बर्ट, त्यांची मुलगी बेटी. एथेललाही वनमालानेच शिकवलं, "बेटीचंही एक वर्ष खाली घे गं. पुढे उपयोगी पडतं."

मग गिरण्यांचा संप झाला आणि तिचा गिरणीतला नवरा जयवंत घरी बसला. दूध आधी निम्म्यावर आलं, मग चहापुरतं. राधाच्या फ्रॉकचा गळा खांद्यावरून घसरायला लागला. वनमाला रोज बघायची आणि नवऱ्याला बोलायची नाही.

शाळेत मुलांचं वजन-उंची बघायला डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा आयांनाही बोलावलं होतं. वयाच्या मानाने कमी भरतील त्या मुलांना रोज दूध आणि औषध मिळणार होतं. राधा काट्यावर चढली. बाईंचं बोट तक्त्यातल्या सहाव्या वर्षाच्या ओळीवर गेलं.

"बरी आहे. पुढची."

"सुटलीस," एथेल मागून कुजबुजली. "माझी बेटी पण पास. आपल्या पोरी दिसायला काडी, आतून घोडी."

वनमालाला हसू आलं नाही. हेडबाई विमलाताई शेजारीच उभ्या होत्या. खोटं उघडं पडलं तर राधाचं नाव काढतील? आणि गप्प बसलं तर?

"अहो, उतरवा ना तिला खाली," डॉक्टरीणबाई वनमालाला म्हणाल्या.

"हिला सातवं सरत आलंय, मॅडम. शाळेत मी कमी सांगितलं."

विमलाताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "शिकलेल्या ना तुम्ही?"

डॉक्टरीणबाईंचं बोट एक ओळ खाली सरकलं आणि तिथेच राहिलं. मग त्यांनी राधाच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि तिला भिंतीकडे, दुधासाठी निवडलेल्या मुलांत उभं केलं.

"नावाचं नंतर बघू," विमलाताई म्हणाल्या. "उद्यापासून दुधाला पाठवा."

वनमाला वळली, तर एथेल बेटीला ओढत दाराकडे निघालेली.

"एथेल, सांग ना गं तूही."

"तू तुझं बोललीस ना? बस झालं. हर्बर्टला कळलं तर माझी वाट लागेल."

नाताळच्या आधीच ती माणसं वर्सोव्याला, एथेलच्या माहेरी राहायला गेली. वनमाला एकदा तिकडे जाऊन आली, घर काही सापडलं नाही. राधा आता जरा अंग धरतेय. बेटीचं काय, कोण जाणे. तिकडे जाणारं कुणी भेटलं की वनमाला त्याला थांबवते. तुम्हालाही तिचं हेच सांगणं आहे: वर्सोव्याला गेलात तर हर्बर्टची एथेल कुठे राहते ते विचारा. शाळेतलं वय धरू नका, बेटी त्याहून वर्षाने मोठी आहे. तिला जवळ बोलावून एकदा नीट बघा, आणि कळवा.