कुठून नाही, काहून

लोकांना मत असायला फार काही लागत नाही. एक मोबाईल लागतो आणि जेवण झाल्यावरचा रिकामा वेळ. मोबाईलवरच्या एका माहितीपटाखाली साडेचारशे जणांनी आपापलं मत मांडून ठेवलं होतं, आणि शामलाबाई ती सगळी मतं चष्मा पुसून पुसून वाचत होत्या.

खरं तर माहितीपट त्यांच्या काही कामाचा नव्हता. ख्रिस्ती धर्माबद्दल लोक शंका काढतात आणि युक्तिवादानं त्यांची उत्तरं देणारे वक्ते असतात. अशाच एका पुण्याच्या वक्त्यामागे कॅमेरा शहरोशहरी फिरला होता. शामलाबाईंच्या देव्हाऱ्यात गजानन महाराज. चर्च त्यांनी पाहिलं ते बसच्या खिडकीतून. पण दुपारी दिराची मुलगी अश्लेषा मोबाईल नाचवत घरात शिरली.

"मोठी आई, पाहा न! हे मोठे बाबाच व्हय ना?"

तेच होते. नागपूरच्या सभागृहात, चौथ्या रांगेत, कंपनीचा निळा शर्ट घालून रुपराव उभे होते. त्यांना जाऊन सहा महिने झाले होते. शामलाबाईंनी त्यांच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं तर चित्रच थांबलं. अश्लेषानं ते पुन्हा चालू करून दिलं.

या नवराबायकोची गोष्ट एका वाक्याशी येऊन अडकलेली होती. रुपराव हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर. तिथेच त्यांनी वैभवीला, एकुलत्या एका पोरीला, ऑफिसात चिकटवलं होतं. दोन वर्षांमागं डिसेंबरात एका सकाळी दाट धुकं पडलं, कंपनीची बस चुकली, आणि वैभवी म्हणाली, आज नाही जात बाबा. रुपराव म्हणाले, नवीन नोकरी हाय बेटा, स्कूटीनं जाय, हळू जाजो. ती हळूच गेली होती. ट्रक हळू नव्हता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात, साऱ्या नातलगांदेखत, शामलाबाईंनी नवऱ्याचा शर्ट धरून वऱ्हाडीतला 'का' विचारला होता, "काहून पाठवली तुमी तिले? काहून पाठवली?"

रुपराव काही बोलले नाहीत. तेव्हाही नाही, तेराव्यालाही नाही. त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. त्यानंतर घरात बोलणं उरलं ते नळ आला, सिलिंडर संपला एवढंच. माणूस नाही, धोंडा हाय, असं शामलाबाई बहिणीला फोनवर सांगत, आणि ते रुपरावांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. राग धरायचा तर पुरता धरायचा, हा त्यांचा स्वभाव. दीड वर्ष त्यांनी तो धरला. मग जुलैत कारखान्यातच रुपरावांच्या छातीत कळ आली आणि राग धरायलाही कोणी राहिलं नाही.

आता ते पडद्यावर माईक हातात घेऊन उभे होते. मागं फलक होता: 'मनातला कोणताही प्रश्न घेऊन या. सर्वांना प्रवेश.' या माणसानं ते अक्षरशः खरं मानलं होतं.

"माही एक पोरगी होती," रुपराव म्हणाले. माईक किंचाळला. "माह्या बायकोनं मले इचारलं, पोरीले काहून पाठवली? मले सांगता नाही आलं. तुमी शिकलेले हा. तुमी सांगा, मी घरी जाऊन तिले सांगतो."

वक्ते पुढे वाकले. "माफ करा, मला नीट ऐकू आलं नाही. मुलीला...?"

बाजूच्या कार्यकर्त्यानं माईक घेऊन शुद्ध मराठीत सांगितलं, "मुलीला कुठून पाठवलं, असं विचारताहेत." खाली अक्षरंही तीच उमटली: 'मुलीला कुठून पाठवलं?'

वक्ते चांगले होते, त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. मायेनं बोलले. लेकरं कुठून येतात, देव कुठल्या घरून त्यांना आपल्याकडे धाडतो, यावर ते सात मिनिटं बोलले. रुपराव तेवढा वेळ उभेच होते, शाळेत उभे करतात तसे. शेवटी त्यांनी हात जोडले, "बरं," म्हणाले आणि बसले. टाळ्या पडल्या.

मग लोकांची मतं. 'एक नंबर उत्तर! काकांची बोलतीच बंद.' 'उत्तर कुठे दिलं? गोल गोल फिरवलं.' 'पुनर्जन्म मानला असता तर हा प्रश्नच पडला नसता.' त्याखाली चाळीस जण एकमेकांचे देव काढत भांडत होते. एकानं लिहिलं होतं, 'असे अडाणी प्रश्न घेऊन लोक येतात तरी कशाला?' शामलाबाईंच्या तोंडून एक अस्सल शिवी निघाली. अश्लेषानं ती पहिल्यांदाच ऐकली.

"'कुठून' नाही गं बाई," त्या म्हणाल्या. "'काहून' म्हणून राहिले ते. माहाच प्रश्न हाय तो."

त्यांचाच होता. दवाखान्यात भिरकावलेला. त्या ज्याला धोंडा म्हणत होत्या, तो माणूस तोच प्रश्न खिशात घालून हिंडला होता, परक्या देवाच्या दारातसुद्धा.

फलकावर तारीख होती. मागच्या जानेवारीतला रविवार. शामलाबाईंना तो रविवार आठवला. संध्याकाळी रुपराव घरी आले होते, पायरीवर चपला काढून तिथेच उभे राहिले होते. "ऐकतं का वं, शामला?" म्हणाले होते. किती महिन्यांनी नावानं हाक मारली होती. आणि शामला काय म्हणाली? "भाजी गरम करून ठेवली हाय." एवढं बोलून आत गेली आणि टीव्ही मोठा केला. त्यांनी परत हाक मारली नाही.

मतांच्या तळाशी कुणा भैरवीनं लिहिलं होतं: 'काका काय विचारत होते ते मला कळलं नाही, पण त्यांचा चेहरा बघवत नाही. पुढे काय झालं त्यांचं? उत्तर मिळालं का?' या मताला कोणी उत्तर दिलं नव्हतं.

"इथं लिहिता येते का?" शामलाबाईंनी विचारलं. अश्लेषानं जागा काढून दिली आणि विचारलं, "मी लिहून देऊ?" त्यांनी नको म्हणून मान हलवली. एका बोटानं, एक एक अक्षर शोधत, अर्धा तास त्या लिहीत बसल्या.

'त्यांनी कुठून नाही, काहून विचारलं होतं. मी त्यांची बायको. ते घरी आले. मले हाक मारली. मी आयकलं नाही. आता ते नाहीत. उत्तर त्या साहेबांपाशी नव्हतं, माह्यापाशी होतं. त्या दिवशी पोरीचा डबा मीच भरून देला होता. फाटकापर्यंत मीच सोडाले गेली होती. तुनं काहून जाऊ देलं, असं ते मले म्हणू शकत होते. एकडावही तसं नाही म्हटलं त्यांनी.'