बिस्किटांच्या डब्यातल्या कॅप्सूल

मेडिकलवाल्याला गल्लीत सगळे ‘अर्धे डॉक्टर’ म्हणत. टोमणाच होता तो, पण हा गडी तो पदवीसारखा मिरवायचा. काउंटरवर कुणी नुसतं शिंकलं, तरी याचा हात अँटिबायोटिकच्या खणाकडे जायचा. महिन्यापूर्वी त्याला स्वतःलाच सर्दी झाली. मग काय, घरचंच दुकान! पाच दिवसांचा कोर्स स्वतःला दिला, आणि आई दोनदा खोकली म्हणून तसाच तिलाही.

सर्दी जायची तेव्हा गेली. आठवडाभराने मात्र पोट असं बिघडलं की दिवसातून बारा वेळा धावपळ. अर्ध्या डॉक्टरने आपल्याच खणातली औषधं चार दिवस स्वतःवर चालवली. शेवटी बायकोने त्याला दंडाला धरून खऱ्या, अख्ख्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

रिपोर्ट बघून बाई म्हणाल्या, “सर्दी विषाणूंची. तिचं या कॅप्सूलने काही बिघडत नाही. मेले ते तुमच्या आतड्यातले चांगले जिवाणू. जागा मोकळी मिळाल्यावर एका वाईटाने तिथे बस्तान बसवलं. त्याच्यासाठी वेगळं औषध देते. आणि हे पसरतं बरं का. संडास ब्लीचने धुवायचा, हात साबण-पाण्याने.”

“सॅनिटायझर आहे ना माझ्याकडे!” त्याने खिशातली बाटली ऐटीत काढली.

“त्याला हा दाद देत नाही, कवचात दडून बसतो. घरात कुणी म्हातारं आहे? त्यात अँटिबायोटिक घेतलेलं असेल, तर जिवावर बेतू शकतं.”

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आई ब्याऐंशी वर्षांची. घरात संडास एकच. आणि कॅप्सूल दिल्या कुणी? यानेच, सॅनिटायझर चोळलेल्या हातांनी, आपण किती गुणी मुलगा म्हणून स्वतःचंच कौतुक करत.

घरी पोचल्यावर चपला न काढताच तो आईच्या खोलीत शिरला. “आई, पोट कसं आहे गं?”

“माझ्या पोटाला काय धाड भरलीय?”

“मी दिलेल्या त्या कॅप्सूल...”

आईने उशाजवळचा बिस्किटांचा डबा उघडला. आत दहाच्या दहा कॅप्सूल. त्यांच्याखाली गेल्या वर्षीच्या, आणि तळाशी रंग उडालेल्या, कधीच्या कोण जाणे.

“तू पाठ फिरवलीस की मी यात टाकते,” आई म्हणाली.

“अगं, मग सांगायचं नाहीस का?”

“तुला वाईट वाटलं असतं. किती हौसेने देतोस!”

आपल्यावर कुणाचा काडीचाही विश्वास नाही, याचा एवढा आनंद त्याला उभ्या आयुष्यात झाला नव्हता. त्याला रडूच फुटलं. तिचे हात धरायला तो पुढे झाला, तशी ती चटकन मागे सरकली.

“बाहेरून आलायस. आधी हात धू.”

त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला.

“ती बाटली नको,” आई म्हणाली. “साबणाने.”