केळीच्या खांबाची चरबी

मालगुंडच्या मांडवात बायका एकमेकींच्या खांद्यांवरून माना काढून बघत होत्या. विमला कढत पाण्याच्या टबात पाय सोडून बसली होती आणि मेदहारी महाराज तिच्या पोटऱ्यांना भस्माचा लेप चोळत होते. मग त्यांनी टबात हंडाभर गार तीर्थ ओतलं, "सुटू दे, सुटू दे" म्हटलं, आणि पाण्यावर पांढुरकी साय धरली.

"चरबी सुटली गो विमलेची," शेजारच्या कमलाबाई म्हणाल्या.

विमलाला रडू आलं, सुखाचं. वयात आल्यापासून तिचे पाय कमरेपासून घोट्यापर्यंत जाड, पावलं मात्र नाजूक. बोट लागलं तरी ठणका, जरा आपटलं की काळानिळा डाग. वरून शिडशिडीत असूनही सासरी एकच बोलणं: चोरून खाते. आज ते दुखणंच होतं, याची साक्ष पाण्यावर तरंगत होती.

"आता नुसतं ताक प्यायचं, चालणं बंद," महाराज म्हणाले. "मेदाची गाठ मनात असते, ताई. पाय नुसता तिचा पत्ता."

विमलासोबत आलेली तिची भाची वेदिका रत्नागिरीत फिजिओथेरपिस्ट होती. तिने शांतपणे मांडवाच्या दाराचा केळीचा खांब सोडवला. "महाराज, आता या केळीचीही चरबी सोडवा."

महाराज मागे सरले. बायकांना मात्र चेव आला. दुसरा टब आला, कढत पाणी आलं. वेदिकाने केळ टबात उभी केली, महाराजांच्याच वाटीतला लेप तिला चोळला, वरून गार पाणी ओतलं. बायका एका सुरात "सुटू दे, सुटू दे" करू लागल्या. आणि साय धरली.

"ही केळ पण चोरून खाते काय गो?" कमलाबाईंनी विचारलं.

"केळीलाही पूर्वजन्म असतो," महाराज पुटपुटले, पण हसण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

कमलाबाईंनी साय चिमटीत चोळली, हुंगली. "मेल्याने आमचंच कोकमाचं तेल आम्हाला दाखवलंन. थंडीत टाचांना लावतो की आपण."

"राखेत कालवलेलं," वेदिका म्हणाली. "कढत पाण्यात वितळतं, गार पडलं की थिजतं."

विमला मात्र हसली नाही. "म्हणजे चरबी सुटलीच नाही. मी चोरूनच खाते, असंच ना?"

"नाही, मावशी. हा लिपिडिमा असावा, पायांत चरबी साठण्याचा आजार. डॉक्टर तपासून पक्कं सांगतील. बहुतेक बायकांनाच होतो, घराण्यात येतो. आजीचे, तुझ्या आईचे, पाय आठव. ही चरबी उपाशी राहून जात नाही. मुळातून घालवणारं औषध अजून नाही, पण दाब देणारे मोजे, पोहणं, चालणं यांनी ठणका कमी होतो. काहींना शस्त्रक्रियाही करतात. तुझा दोष नाही."

विमलाने पाय पुसले. "दुखणं खरं होतं, म्हणून उपायही खरा वाटला," ती बायकांना म्हणाली. "पुढच्या वेळी आधी केळीला बसवा."

मग तिने पदर खोचला. "चला. घरी जाऊन पोटभर भात जेवते. ओटीवर बसून, सगळ्यांसमोर."