बाबांसह आणि बाबांविना

ताईची मुलाखत चार वाजता होती. मागच्या मुलाखतीत तिचं चित्र पडद्यावर मध्येच थिजलं, तेही तोंड उघडं आणि एक डोळा मिटलेला असं. समोरच्या तिघांनी त्या चेहऱ्याशी पाच मिनिटं सभ्यपणे बोलून पाहिलं आणि "कळवतो" म्हणाले. अजून कळवतायत.

"आज तसं झालं तर तुझा लॅपटॉप पाण्याच्या टाकीत," ताई म्हणाली.

मी घरातला नेटवर्कवाला. म्हणजे वायफायचा पासवर्ड फक्त मला पाठ आहे.

"सरळ वायर लाव ना."

"तुझ्या लॅपटॉपला वायरचं भोकच नाही. बारीक हवा होता ना तुला?"

बाहेरून येणारी लाइन ठणठणीत होती. दोष घरातलाच होता. म्हणून मी आयपर्फ हे नेटचा वेग मोजायचं सॉफ्टवेअर काढलं. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची. एक लॅपटॉप नुसता ऐकतो, दुसरा दहा सेकंद अखंड पाठवत राहतो, आणि सेकंदाला किती मेगाबिट पोचले ते छापून येतं. ऐकणारा लॅपटॉप मी पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटावरच्या राउटरला वायरने जोडला. पाठवणारा ताईच्या टेबलावर.

पहिल्यांदा चौऱ्याण्णव आले.

"काय मोजताय?" बाबा स्वयंपाकघरातून धावत आले.

बाबा निवृत्त वजनमाप निरीक्षक. तीस वर्षं लोकांचे तराजू तपासले. घरात कुणी मापाने दूध ओतलं तरी शेजारी येऊन उभे राहतात.

"एका मापनावर विश्वास ठेवू नये," ते चपलांच्या कपाटाला टेकून म्हणाले. "तीनदा घे."

दुसऱ्यांदा बावीस. तिसऱ्यांदा एकवीस.

"बघ, म्हटलं नव्हतं?" बाबा समाधानाने म्हणाले.

मी राउटर बंद करून चालू केला. बाबा चहा ढवळायला आत गेले, नव्वद. परत येऊन टेकले, वीस. ताई माझ्याकडे बघायला लागली. मी ताईकडे.

"बाबा, जरा आत जा," ताई म्हणाली. "आता या. आता परत जा."

मी कागदावर दोन रकाने आखले, 'बाबांसह' आणि 'बाबांविना'. प्रत्येकी तीन मापनं. नियम म्हणजे नियम.

"माणसाच्या अंगात पाणी असतं, ते लहरी अडवतं," मी सांगितलं. "त्यात तुम्ही राउटरला चिकटूनच उभे राहता."

"मी किती अडवतो?"

"सत्तर मेगाबिट."

बाबांनी कागद दोनदा वाचला. मग हळूच म्हणाले, "मागच्या वेळी मी तासभर इथेच उभा होतो. तिला काही लागलं तर म्हणून."

मग ताई म्हणाली, "आज जिन्यात बसा. काही लागलं तर तिथून हाक मारते."

चार वाजता बाबा जिन्यात बसले. चार वाजून तेवीस मिनिटांनी खोलीतून ताईचा आवाज आला, "हॅलो? ऐकू येतंय?" मी पॅसेजमध्ये धावलो. बाबा पाण्याचा पेला घेऊन कपाटाला टेकले होते.

"तिचा घसा बसल्यासारखा वाटला," ते कुजबुजले.

मी त्यांना पेल्यासकट जिन्यात नेऊन बसवलं.

पाचला ताई बाहेर आली.

"सोमवारपासून ये म्हणाले."

"पण मध्ये अडकलं ना?" मी विचारलं.

"अडकलं म्हणून तर! पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, असं विचारलं होतं त्यांनी. मला काही म्हणजे काही सुचत नव्हतं. तेवढ्यात चित्र थिजलं. परत सुरू झालं तोवर सुचलं होतं."

बाबांनी माझ्याकडून पेन घेतलं, 'बाबांसह'च्या रकान्यात शेवटी 'नोकरी' असं लिहिलं आणि खाली सही केली. मग ताई त्यांच्या गळ्यात पडली. दोघं कपाटाला टेकून तसेच उभे राहिले. मी खोलीत जाऊन आणखी एक चाचणी लावली.

"आठ!" मी आतून ओरडलो.

"तीनदा घे," बाबा म्हणाले.