एकशे आठ कुडम

"भरलेलं कुडम ओतायचं नाही, भवानी. खाली ठेवायचं, लागेल तसं काढायचं."

सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली होती, तरी घागरीबद्दलचं त्यांचं ते वाक्य आठवून भवानीचा हात थांबला. सिंकखालचा चौकोनी डबा तिनं मोरीत अर्धा कलता केला होता. डब्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता. तिनं डबा सरळ केला, पुसला आणि पुन्हा जागेवर ठेवला.

डबा तिच्या सुनेनं, कीर्तीनं, आखलेला होता. पिण्याचं पाणी गाळणारा फिल्टर एक तांब्या गोडं पाणी देताना दोन-तीन तांबे खारट पाणी बाहेर टाकतो. ते साठावं, त्यात भांडी-लादी व्हावी, म्हणून हा डबा. भरला की दिवा लागायचा. तिच्या अड्यारच्या ऑफिसनं तो बारा घरांत बसवून पाहिला होता.

संध्याकाळी कीर्ती आली ती पर्स न काढताच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली.

"दिवा लागला की बायका डबा मोरीत ओतून टाकतात, आई. का, तर दिवा विझावा म्हणून! शुक्रवारी हे काम बंद करणार आहेत. दोन वर्षं गेली माझी."

भवानीनं कॉफीचा पेला तिच्यासमोर ठेवला. "मीपण आज ओततच होते, कन्ना."

"तुम्हीसुद्धा?"

"डबा तो. कचऱ्यासारखा खाली बसलेला, वर डोळा लाल करतो. मग ओतावंसंच वाटतं. कुडम असतं तर हात धजला नसता. भरलेली घागर कोण ओततं?"

कीर्ती सोलापूरची. सासूची तंजावरी वळणाची मराठी सुरुवातीला तिला अर्धीच कळायची. आज मात्र सगळं कळलं. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एक पोट काढलं, त्यावर गळा.

"तोटी कुठे येईल?"

भवानीनं चित्रातल्या पोटावर बोट टेकवलं.

शुक्रवारी त्या चित्रावर कीर्तीला तीन महिन्यांची मुदत मिळाली. शनिवारी पहाटे, दारात कोलमची रांगोळी घालून झाल्यावर, भवानी गल्लीच्या टोकाच्या देवळात अम्मन देवीसमोर रोजच्यासारखी उभी राहिली. नामावळी संपली तरी हात जोडलेलेच होते. सुनेचं कुडम घराघरांत बसू दे, ती मनात म्हणाली, तुला एकशे आठ कुडम पाण्याचा अभिषेक करीन. घरी कुणाला सांगितलं नाही. नवस सांगायचा नसतो.

तीन महिन्यांनी कीर्ती खरंखुरं कुडम घेऊन घरी आली. निळं, ओट्यावर बसेल असं, पोटाला तोटी, बाजूला पाण्याची पातळी दाखवणारी पारदर्शक पट्टी. दिवा नाही. शेजारची जननी ते पाहायला आली आणि हसत सुटली.

"अय्यो, भवानी! तुझी सून एवढं शिकून कुडमच करते? टी. नगरच्या बाजारात ढिगानं मिळतात की."

"त्यांना तोटी नसते," भवानी हळूच म्हणाली. मग पदरानं त्यावरची नसलेली धूळ पुसली. "आणि ती सगळी माझ्या सुनेनं केलेली नसतात."

जननी गेल्यावर कीर्ती म्हणाली, "बारापैकी अकरा घरांत एकदाही ओतलं नाही. एन्नोरच्या वसंताक्कांनी तर त्याला हळदकुंकू लावलंय! कंपनी आता कारखान्यात काढणार आहे." तिनं कुडमाच्या पट्टीवरून बोट फिरवलं. "एका घरात चाळीस दिवसांत शंभरावर कुडम पाणी वाचतं, आई."

सांबार ढवळणारी भवानीची पळी थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. मीठ राहिलं वाटतं."

मीठ घातलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपल्यावर तिनं पुजारी नारायणस्वामींना नवस सांगितला.

"त्यात काय, मामी? पाण्याची लॉरी बोलावतो. तासाभरात एकशे आठ होतील."

भवानी गाभाऱ्याच्या उंबऱ्याकडे पाहत राहिली. अभिषेकाचं पाणी पन्हळीतून मागच्या तगरीकडे जात होतं. लॉरीभर पाणी त्या आळ्यात मावलं नसतं. रस्त्यावर आलं असतं.

"अम्मनच्या रोजच्या अभिषेकाला किती लागतं?"

"एक कुडम. नळावरून भरून घेतो मी."

"ते मी घरून आणीन. एकशे आठ दिवस."

नारायणस्वामींनी तिच्याकडे नीट पाहिलं. "साडेतीन महिने, मामी. गुडघ्यांचं काय?"

"ते येतील की बरोबर."

ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, "सरि, चालेल. सहाच्या आत या."

त्या दिवशी भवानीनं लादी, भांडी, पायऱ्या, सगळं निळ्या कुडमातल्या खारट पाण्यानं केलं. रोज त्यासाठी जाणारं नळाचं पाणी तसंच राहिलं.

पहाटे न्हाऊन तिनं सासूबाईंचं पितळी कुडम माळ्यावरून काढून चिंचेनं घासलं आणि त्या राखलेल्या नळाच्या पाण्यानं गळ्यापर्यंत भरलं.

दाराच्या आवाजानं कीर्ती जागी झाली. "आई, एवढं पाणी घेऊन कुठे?"

"आलेच."

कुडम कमरेवर सावरून, सांडू नये म्हणून तळहातानं त्याचं तोंड झाकून, भवानी एकेक पायरी जिना उतरू लागली.