शब्दसूचीत न सापडलेले उत्तर

मी एक जुना ग्रंथ आहे. माझ्या पानांत आठ महिने एक पत्र पडून होते आणि त्याला उत्तर गेले नव्हते. स्वतःची गोष्ट सांगायला बसलो की मला आधी ते पत्रच आठवते, माझा जन्म नंतर. म्हणून, मित्रांनो, क्रम थोडा मागेपुढे झाला तर सांभाळून घ्या. मला हे नीट सांगता येईल की नाही, याचीही मला खात्री नाही.

मी शब्दसूची आहे. पवित्र शास्त्रात कोणता शब्द कुठे कुठे आला आहे, ते मी सांगतो. 'दया' म्हणा, 'दार' म्हणा, 'दगड' म्हणा, मी लगेच अध्याय आणि वचन दाखवतो. छापखान्यातला शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा जुळवत चार कामगार माझ्यासाठी दोन वर्षे खपले. शेवटचे पान छापून झाले तेव्हा त्यांच्यातला एक हात पुसत म्हणाला, "एवढं मर मर मरून पुस्तक केलं, आणि यात वाचायला एक गोष्ट नाही." सगळे हसले. मला ते लागले, पण तो खोटे बोलत नव्हता.

मला एका तरुण मास्तरांनी विकत घेतले. त्यांचे आईवडील लवकर गेले होते आणि बारा वर्षांनी लहान असलेली बहीण त्यांच्याच पदरात होती. मास्तर तिला संध्याकाळी टेबलापाशी बसवून दहा आज्ञा शिकवत. त्यांची रीत अशी होती की हात उघडे धरायचे आणि एकेक आज्ञा म्हणत, आज आपल्याकडून जी मोडली असेल तिचे बोट मिटायचे. धाकटीची तीनचार बोटे रोज मिटत आणि ती खुदकन हसे. मास्तरांची बोटे बहुतेक सरळ असत.

पुढे मास्तर मंडळीचे चिटणीस झाले. मंडळी म्हणजे त्यांच्या चर्चमधली सारी माणसे. कुणाला कशाची शंका आली की लोक म्हणत, "नियमकाकांना विचारा." हे नाव थोडे थट्टेचे होते, पण मास्तरांना ते आवडायचे. ते मला उघडत, बोट फिरवत आणि उत्तर देत. पाळकसाहेबसुद्धा प्रवचन तयार करताना माझ्यासाठी घरी येत. त्या काळात माझा रुबाब काय वर्णावा. माझ्या कडा सोनेरी होत्या आणि काकू, म्हणजे मास्तरांची बायको, मला रोज मऊ फडक्याने पुसत.

धाकटीचे लग्न झाले. नवरा तिला मारायचा. ती त्याचे घर सोडून गेली आणि काही वर्षांनी एका शिंप्याबरोबर राहू लागली. नवरा तिला मोकळे करीना, म्हणून त्यांचे लग्न होऊ शकले नाही. मंडळीचा नियम सरळ होता. अशा बाईला प्रभुभोजनाला, म्हणजे सगळे मिळून प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या पंगतीला, बसता येत नसे. तसे मंडळीला आणि त्या बाईला कळवणारे पत्र चिटणिसांनी लिहायचे असते. मास्तरांनी ते लिहिले. त्यात घातलेली सात वचने मीच काढून दिली होती.

त्यानंतर अकरा वर्षे भावाबहिणीत एक अक्षर गेले नाही. आणि मग तिचे पत्र आले, पेन्सिलीने लिहिलेले, वाकड्या ओळींचे.

"दादा, डॉक्टरांनी हात टेकले आहेत. मरणाची भीती नाही रे, त्याच्या पुढची आहे. तू शिकवलेल्या आज्ञा मी पडल्या पडल्या म्हणते आणि बोटं मिटते. दोन्ही हातांच्या मुठी होतात. नियम पाळणाऱ्यालाच अनंत जीवन मिळत असेल, तर माझं काय? नुसत्या विश्वासावर देव कुणाला आत घेतो का? तुझा अभ्यास आहे. लवकर लिही. तुझी धाकटी."

मास्तरांनी ते दोनदा वाचले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग एका कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिले 'नियम', उजवीकडे 'विश्वास'. आणि मला उघडले.

मित्रांनो, तिथून माझे हाल सुरू झाले. मास्तर रोज दुपारी बसत. एका वचनात निघे की माणूस विश्वासाने तरतो. दुसऱ्यात निघे की कृतीशिवाय विश्वास मेलेला असतो. डावीकडे एक पडले की उजवीकडे एक पडे. कागदामागून कागद भरले. ते पत्र त्यांनी माझ्या 'नियम' शब्दाच्या पानात खूण म्हणून ठेवले होते. माझ्या अंगात कुणीतरी हळूहळू मरते आहे असे मला वाटायचे. मला ओरडता येत नव्हते. शब्द कुठे आहे हे मला कळते, पण तो कुणासाठी आहे हे कधीच कळले नाही.

काकू चहा आणून ठेवत आणि तिथेच उभ्या राहत.

"झालं का शोधून?"

"अजून उजवी बाजू पुरी व्हायची आहे."

"पत्र तुम्हाला आलंय. त्या पुस्तकाला नाही आलं."

"चुकीचं लिहून बसलो तर? तिला खोटी आशा दिली तर ते पाप माझ्या माथी येईल."

"आणि काहीच नाही दिलं, तर कुणाच्या माथी?"

मास्तर पान उलटत. चहा निवून जाई. असे आठ महिने गेले.

एका शनिवारी दुपारी दारात एक माणूस येऊन उभा राहिला. घाईत निघाल्यामुळे गळ्यातली माप घ्यायची टेप तशीच लोंबत होती. तो कोण हे सांगावे लागले नाही. काकू म्हणाल्या, "आत या." मास्तर खुर्चीतून उठले नाहीत.

"मास्तर, मी भांडायला नाही आलो," शिंपी म्हणाला. "पोस्टमनच्या सायकलची वेळ झाली की ती उशी उंच करायला सांगते. खिडकीतून रस्ता दिसावा म्हणून. आता उंच केली की धाप लागते, तरी सांगते. डॉक्टर म्हणतात, आठवडा. फार तर दहा दिवस."

मास्तर टेबलावरचे कागद उलटसुलट करू लागले. "थांबा. लिहून... तुमच्याजवळच देतो."

"माझ्याजवळ नको. मी नेलं तर तिला वाटेल, मीच पाया पडून लिहून घेतलं. टपालानंच येऊ दे." तो पाणी प्यायला आणि जायला निघाला. उंबऱ्यात थांबून म्हणाला, "तुमच्या शास्त्रातलं मला काही कळत नाही. मी कपडे शिवतो. पण गिऱ्हाईकाचं कापड कमी भरलं म्हणून आम्ही त्याला उघडं नाही पाठवत. आमच्याकडचं जोडतो."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. काकू चर्चला गेल्या. मास्तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा गेले नाहीत. ते टेबलापाशी बसले, पण त्यांनी मला उघडले नाही. त्यांनी दोन्ही हात समोर उघडे धरले आणि आज्ञा म्हणू लागले. खोटी साक्ष देऊ नको, या आज्ञेपाशी ते अडकले. पुन्हा पहिल्यापासून म्हणाले आणि पुन्हा तिथेच अडकले.

इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आधी सांगितली नाही, कारण धन्याची लाज मलाही होती. नवऱ्याचे घर सोडण्याआधी धाकटी एकदा याच टेबलापाशी आली होती. तिने बाही वर करून दंड दाखवला होता. काळानिळा. मास्तरांनी तो पाहिला होता. तरी मंडळीच्या त्या पत्रात त्यांनी लिहिले होते की या बाईने विनाकारण पतीचे घर सोडले. कारण लिहिले असते तर नियम इतका सरळ बसला नसता.

मास्तरांचे ते बोट मिटले. मग दुसरे मिटले, तिसरे मिटले. बघता बघता त्यांच्याही मुठी झाल्या, आणि त्या मुठींवर कपाळ टेकून तो म्हातारा माणूस लहान मुलासारखा रडला. "मग मी कुठे जाऊ?" एवढेच तो म्हणत होता. माझ्यात 'कुठे' हा शब्द पुष्कळ ठिकाणी आहे. एकही ठिकाण त्याच्या कामाचे नव्हते.

बऱ्याच वेळाने त्यांनी कागद शोधला. घरातले सगळे कागद रेघ मारून भरले होते आणि दुकान रविवारचे बंद होते. तेव्हा त्यांनी मला उचलले, माझे शेवटचे कोरे पान धरले आणि फाडले. मला दुखले. पण मित्रांनो, इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडलो असेन.

त्यावर त्यांनी लिहिले:

"धाकटे, माझ्याही मुठी झाल्या आहेत. तुझ्याविषयी मी मंडळीला खोटं लिहिलं. तुझा दंड मी पाहिला होता. नियम पाळूनच दार उघडत असेल, तर मीही तुझ्याबरोबर बाहेरच आहे. मला वाचून काही कळलं नाही. पण मिटलेल्या मुठीत कुणी काही ठेवू शकत नाही. तू हात उघड, मीही उघडतो. आपल्याकडे कमी आहे ते देव त्याच्याकडचं जोडेल, एवढ्यावर मी विश्वास ठेवतोय. खात्री नाही, विश्वास आहे. उशी खाली घे. मी येतोय. दादा."

काकू परत आल्या तेव्हा ते पाकीट चिकटवत होते.

"अहो, आज टपालपेटी उघडत नाहीत. उद्या सकाळी टाका."

"उद्यापर्यंत माझा धीर टिकायचा नाही."

"रविवारी? विसाव्याची आज्ञा मोडून, नियमकाका?" काकू म्हणाल्या. पण त्यांनीच चपला पुढे सरकवल्या.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी पुस्तके जपा, त्यांना वाळवीपासून वाचवा, असे सांगायचे मी ठरवले होते. ते आता राहू द्या. माझे एवढेच मागणे आहे की माझ्या पानांत कुणाचे पत्र ठेवू नका. जो वाट पाहतो त्याला बरोबर उत्तर सापडेपर्यंत थांबवू नका. चुकतमाकत लिहा, पण लिहा.

टेबल खिडकीशी आहे. मास्तर रस्ता ओलांडताना मला दिसले. पेटीच्या फटीत त्यांचा हात मनगटापर्यंत गेला आणि तसाच राहिला. एक सायकलवाला घंटी वाजवत त्यांना वळसा घालून गेला. मग त्यांनी बोटे उघडली आणि पत्र आत पडले.