ढब्बूची डावी बाजू

मित्रांनो, पाठीवर बटणं असलेला मी एक जुना रोबो आहे. रोबो म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर आगीचे लोळ सोडणारा कुणी आला असेल, तर त्याला विसरा. मी दोन तळहातांत मावेन एवढाच आहे, गोल, पिवळा आणि जरा पोट सुटलेला. म्हणून पहिलीच्या मुलांनी माझं नाव ढब्बू ठेवलं. मला राग आला होता, पण रागाचं बटण माझ्याकडे नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. तिथल्या एका काकूंनी माझ्या पोटात मोटर बसवली, स्क्रू आवळले आणि मला थोडं चालवून पाहिलं. "पोरांच्या हातात चाललायस, सांभाळून राहा रे बाबा," त्या म्हणाल्या. पण सांभाळून राहणं माझ्या हातात कुठलं? पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशी बटणं मुलं एकामागून एक दाबतात, ती पुसेपर्यंत मी लक्षात ठेवतो आणि 'चल' दाबलं की त्याच क्रमाने चालतो. समोर भिंत आली तरी थांबत नाही.

शाळेत आम्ही चौघे भाऊ आलो. सुरुवातीला आमचे काय लाड झाले! वर्गाच्या ताई फरशीवर खडूने चौकोन आखायच्या आणि मुलं माझ्या मागे पालथी पडून मला वाट सांगायची. त्यामुळे माझं डावं तेच त्यांचं डावं असायचं. पुढे एका भावाच्या अंगावर कुणी बसलं, दुसऱ्यावर पाणी सांडलं, तिसऱ्याच्या पोटात सेल तसेच राहून गंजले. मी एकटा उरलो.

मग एके दिवशी मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, वर्गात आल्या. "या खेळण्यापायी गणिताचा तास बुडतोय," त्या ताईंना म्हणाल्या. "मुलं शिकतात काय, ते मला आज दाखवा. नाहीतर हा तास बंद."

ताईंचा चेहरा उतरला. त्यांच्याहून जास्त उतरला भिंगरीचा. ही मुलगी एका जागी ठरत नसे, म्हणून तिचं नाव भिंगरी. दिवसभर तिला "गप बस" ऐकावं लागे. फक्त माझ्या तासाला तिला कुणी बस म्हणत नसे.

मोठ्या बाईंचे गुडघे दुखत होते. त्यांना खाली वाकता येईना, म्हणून मला टेबलावर ठेवलं. टेबलावर! त्याच टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या घरापर्यंत मला नेण्याचं काम भिंगरीकडे आलं. माझ्या मागे मोठ्या बाईंची खुर्ची होती, म्हणून ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने बटणं दाबली. पुढे, पुढे, डावीकडे, पुढे, पुढे.

मला तिथेच कळलं. घर तिच्या डावीकडे होतं. माझ्या डावीकडे टेबलाची कड होती. ओरडावं म्हटलं तर तोंड नाही. मला फार भीती वाटली.

तिने 'चल' दाबलं. मी निघालो आणि डावीकडे वळलो. ताईंनी मला धरायला हात पुढे केला.

"राहू द्या. मदत नको," मोठ्या बाई म्हणाल्या.

पुढचं चाक कडेवरून सुटलं आणि मी खाडकन फरशीवर आदळलो. पाठीला तडा गेला, एक चाक वाकडं झालं.

"ढब्बू येडा झाला!" कुणीतरी ओरडलं. "सेल संपले असतील," दुसरं कुणी म्हणालं.

"झालं समाधान?" मोठ्या बाई उठू लागल्या. "उद्यापासून गणित घ्या."

भिंगरीचे डोळे भरले होते. तरी तिने मला उचललं आणि टेबलावर पुन्हा पहिल्यासारखंच ठेवलं. तिने आधी माझ्या तोंडाकडे, मग आपल्या हातांकडे पाहिलं. मग वळसा घालून थेट मोठ्या बाईंपाशी गेली.

"बाई, जरा सरकता का?"

ताईंनी डोळेच मिटले. मोठ्या बाई मात्र सरकल्या. भिंगरी माझ्या मागे उभी राहिली आणि तिने आपला डावा हात वर केला. मग समोर जाऊन पुन्हा तोच हात वर केला.

"ढब्बू नाही चुकला," ती म्हणाली. "मी समोर उभी होते ना, म्हणून मी त्याला माझं डावं सांगितलं. त्याचं डावं तिकडे आहे."

"मग आता गं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"आता त्याच्यासारखं तोंड करायचं. पण आधी जुनं सगळं पुसायचं, नाहीतर तो परत पडेल."

तिने माझं पुसायचं बटण दाबलं आणि मागे उभं राहून नवी वाट सांगितली. वाकड्या चाकाने मी लंगडत निघालो. वळायची जागा आली तशी सगळ्यांनी श्वास रोखला. मी उजवीकडे वळलो आणि पुठ्ठ्याच्या भिंतीला घासून घरापाशी थांबलो.

मोठ्या बाईंनी माझं वाकडं चाक बोटाने फिरवून पाहिलं. मग त्या ताईंना म्हणाल्या, "गणिताचं बघू आपण. हा तास चालू ठेवा."

मित्रांनो, आता माझ्या पाठीवर चिकटपट्टी आहे. माझ्या अंगावर बसू नका, सुट्टीत माझे सेल काढून ठेवा. आणि मी चुकलो असं वाटलं, तर पाठीत धपाटा घालण्याआधी आपण कुठे उभे आहोत तेवढं बघा. कारण कडेवरून पडतानासुद्धा मी तुमचंच ऐकत असतो.